तुळयांवरचे आकडे

३ फेब्रुवारी १९९८, सकाळी सहा
ठरलं. ब्रिस्बेन कौन्सिलच्या वारसा यादीत हे घर घालायचं.

काल माझा मुलगा लाइल जेवायला आला होता. म्हणजे आईला फ्लॅटमध्ये हलवायला आला होता. म्हणाला, आई, या पायऱ्या आता तुला झेपत नाहीत. सिमेंटच्या पंधरा पायऱ्या. मी दिवसातून चार वेळा चढते. तो एकदाच चढला आणि कठड्याला धरून उभा राहिला. त्याला सांगितलं की हे १९२८ सालचं, सरकारच्या कामगार योजनेतलं लाकडी घर आहे, तुझ्या आजोबांनी ट्राम चालवून बांधलेलं. असली घरं विकायची नसतात. तो हसला. मी तिथल्या तिथे कागद घेतला आणि लिहून दिलं : घर यादीत आलं तर लाइलने पुन्हा फ्लॅटचं नाव काढायचं नाही, नाही आलं तर मी विक्रीवर सही करीन. बिचारा. पैज लावताना समोर कोण आहे ते बघायचं असतं.

९ फेब्रुवारी
अर्ज पूर्ण. त्यांनी एक पान मागितलं होतं, मी बावीस दिली.

शेजारची नोला प्रॉसर कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, अगं यूनिस, एवढं काय खरडतेस, मृत्युपत्र का? तिला पस्तीस वर्षं सांगतेय, मिसेस थॉर्बर्न म्हण. तिचं घरही म्हणे याच योजनेतलं, याच सालचं. सांगून खरं वाटणार नाही. तिच्या वडिलांनी ५६ साली रंगाचा खर्च नको म्हणून दर्शनी भिंतीवर राखाडी सिमेंटचे पत्रे ठोकले, आणि त्यानंतर नोलाने त्या घराला खिळासुद्धा लावलेला नाही. आळस हा काही वास्तुशैलीचा प्रकार नव्हे.

मी दर दोन वर्षांनी रंग देते. खिडक्या दोनदा बदलल्या, दारं एकदा. घर असं जपावं लागतं.

१४ फेब्रुवारी
कोपऱ्यावरचं घर आज गेलं. मधोमध कापलं, दोन ट्रकांवर चढवलं, निघाले. आमच्या गावात माणसं जागेवर राहतात आणि घरं बिऱ्हाड बदलतात. मुळं नसलेले लोक.

दुपारी टॉर्च घेऊन घराखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत उतरले, फोटोंसाठी. एक शोध लागला! तुळयांवर पांढऱ्या रंगात आकडे आहेत, एक ते चौदा. मधल्या फटीच्या दोन्ही बाजूंना तेच. ही सुताराची सही. जुने कारागीर किती शिस्तीचे होते! अर्जाला पुरवणी जोडली, चार पानं.

२० फेब्रुवारी
दफ्तरखान्यातून घराचा मूळ नकाशा आला. त्यात व्हरांडा डावीकडे. आपला उजवीकडे. कारकुनाने कागद उलटा धरून काढलेला दिसतो. दुरुस्ती सुचवणारं पत्र टाकलं. सत्तर वर्षांत कुणाच्या लक्षात येऊ नये!

६ मार्च, दुपारी दोन
कौन्सिलची तज्ज्ञ येऊन गेली. ब्रिओनी नावाची पोरगी, पायात खाणीतल्या माणसासारखे बूट. मी भोपळ्याचे स्कोन केले होते. तिने तीन खाल्ले, म्हणजे प्रभाव पडला.

घराखाली बराच वेळ होती. आकडे बघून शीळ घातली. सुताराची सही समजावून सांगितली. ती म्हणाली, हं. मग विचारलं, तुम्ही इथे कधी आलात? ६३ साली, लग्न होऊन. आणि त्याआधीचं कुणी सांगितलं? म्हटलं, माझ्या नवऱ्याने, आणि क्लॅरी खोटं बोलत नसे. (बोलायचाच कमी.)

तेवढ्यात नोला कुंपणावरून ओरडली, अगं यूनिस, तिला ट्रकची गोष्ट सांगितलीस का? आणि स्वतःच सुरू. ६१ साली म्हणे थॉर्बर्नांचं घर वाळवीने खाल्लं. म्हाताऱ्याने दुसरीकडून जुनं घर आणवलं. पहिला अर्धा सकाळीच आला, दुसरा अर्धा रस्ता चुकला आणि दोन दिवस क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला. मॅच रद्द झाली! आमच्या आईने ड्रायव्हरला डबे पोचवले!

नोला सत्तरची. या वयात बायका काहीही बरळतात. मी बहात्तरची, पण मी शिकलेली आहे.

ब्रिओनी तिच्याकडे चहाला गेली ती दोन तास. दया आली असावी. पत्रा उचकटल्यासारखा आवाज आला.

२७ एप्रिल
पत्र आलं. वारसा यादीत नोलाचं घर.

पत्र्यांखाली सगळं जसंच्या तसं निघालं म्हणे. फळ्या, दाराची रंगीत काच, योजनेच्या क्रमांकाची पितळी पट्टीसुद्धा. म्हणजे काही न करण्याचं बक्षीस. माझ्या घराबद्दल एक ओळ : 'शेजारील इमारत अन्य ठिकाणाहून आणलेली व वारंवार बदललेली, विचारार्थ नाही.' 'वारंवार' हा शब्द तरी त्यांनी प्रामाणिकपणे वापरला आहे.

अपील करणार.

२९ एप्रिल
अपील करता येत नाही.

नोला लॅमिंग्टनचे केक घेऊन आली. म्हणाली, अगं, घरावर वारशाची पाटी लावायचीय, तिच्यावर काय लिहायचं ते मला कुठलं सुचतंय, तू लिहून दे ना, तुझी भाषा चांगली. स्पष्ट नकार दिला. संध्याकाळी लिहून नेऊन दिलं. तिने लिहिलं असतं तर साऱ्या रस्त्याची अब्रू गेली असती.

३ मे
लाइल आला. पैजेचा विषयच काढेना. शेवटी मीच काढला. तर म्हणतो, आई, जाऊ दे गं, तो कागद मी कधीच टाकला, राहा तू इथेच. टाकला! माझ्या हस्ताक्षरातला करार! आजकालच्या माणसांना शब्दाची किंमत नाही. त्याला बसवलं, तोच मजकूर पुन्हा लिहिला आणि खाली सही केली. मी जिंकले.

१२ जून, सकाळी सात
घर टुवूम्बाकडच्या एका जोडप्याने घेतलं. जमीन दुसऱ्या कुणी. सोमवारी घर उचलणार.

आज घर हलवणाऱ्यांचा माणूस रंगाचा डबा घेऊन घराखाली शिरला, आणि हसत बाहेर आला. म्हणाला, मावशी, आमचं काम आधीच झालंय की! आकडे आहेत, जुनी चीरही आहे, त्याच रेषेवर करवत घालतो.

मी टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर उतरले. डावीकडचा सात पुसट झालाय, एक समजशील, हे दाखवलं. त्याने तो ठळक केला.

वर येताना विचारलं, या पायऱ्या कधी काढणार? तो म्हणाला, छे, पायऱ्या नाही न्यायच्या. त्या या घराच्या नाहीतच, त्याच्या आधीपासूनच्या इथल्या आहेत. तुम्ही म्हणता त्या १९२८ च्या असतील, बघा.

खालच्या पायरीवर थोडा वेळ बसले.

दुपारी : ब्रिओनीला पत्र. नुसत्या पायऱ्यांसाठी वेगळा फॉर्म असतो का?