सहा बांधलेल्या बुटक्यांची व्यवस्था

मी, सुवर्णा किसनराव अवसरमोल, वय एकोणसत्तर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण पक्के आहे आणि कोणी मला दटावून किंवा गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. तसे करू शकणारा माणूस मेहकरात अजून जन्मायचा आहे. पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मीही रोग्यांना जन्मभर हेच सांगत आले, म्हणून आधी लिहून ठेवलेले बरे.

१. राहते घर माझा भाचा अश्वजित याला मिळावे. माझी धाकटी बहीण सिंधू हिचा हा मुलगा. पुण्याला शिकून आला, इथल्या कॉलेजात शिकवतो आणि माझ्याजवळच राहतो. अट एकच: पुढच्या खोलीतले मोठे टेबल विकायचे नाही आणि रविवारी दुपारी दार उघडे ठेवायचे.

२. बँकेतली ठेव आणि शिलाई मशीन सिंधूला. "बाई म्हातारपणी राक्षस-राक्षस खेळते" असे तिने डोणगावभर सांगितले. ते मी माफ केले आहे. विसरले मात्र नाही, याची नोंद असावी.

३. रक्तदाब मोजायचे यंत्र आणि ड्रेसिंगचा डबा शेजारीण पुष्पांजलीला. ती आमच्या रविवारच्या खेळात चोराचे सोंग घेते. बाहेर इतकी सरळ आहे की दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मेथीची जुडी परत नेऊन देते.

४. खेळाचे सामान, म्हणजे फासे, नकाशे आणि पुस्तके, अश्वजित व पुष्पांजलीला मिळून. वाटणी करू नये. उद्या हा कागद न्यायाधीशांसमोर गेला तर त्यांना कळावे म्हणून सांगते: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, कोणी योद्धा, कोणी चोर, आणि एकाने गोष्ट चालवायची. वार लागला की हुकला ते फासा सांगतो, पण वार करायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे. आमच्याकडे गोष्ट मी चालवते. पुस्तकातल्या गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसांना आम्ही बुटके म्हणतो.

५. आता मुद्द्याचे. माझ्या टेबलावर सहा बुटके कैदेत आहेत. इंजेक्शनच्या बाटल्यांची बुचे आहेत ती, पेनाने डोळे काढलेली आणि पांढऱ्या दोऱ्याने एकत्र बांधलेली. पोळ्यानंतरच्या रविवारी आमचा खेळ मोडला, तेव्हापासून ती तशीच आहेत.

आमचे योद्धे म्हणजे इंद्रभान, निवृत्त हवालदार, माझ्या यजमानांचे जिवलग मित्र. यजमान गेल्यावर त्यांनी या घरी येणे सोडले नाही. अश्वजितने खेळ आणला तेव्हा सगळ्यात आधी तलवार मागितली ती त्यांनीच. त्या रविवारी बुटक्यांनी हत्यारे टाकली. इंद्रभानांनी त्यांना बांधले आणि जाहीर केले की आता एकेकाचा गळा कापतो. पुस्तकातले बुटके या वेळी काही बोलत नाहीत. पण गोष्ट चालवता चालवता मी त्यांच्या म्होरक्याला माझ्या माहेरची, डोणगावची बोली देऊन बसले. तो म्हणाला, "मारू नका बापू. घरी लेकरं वाट पाहून राह्यले."

इंद्रभान भडकले.

"सुवर्णाबाई, हे चीटिंग हाय! राक्षसाले आपल्यासारखं काऊन बोलवता? असं बोलल्यावर मानूस त्याले मारन कसा?"

"मग मारू नका," मी म्हणाले.

"मांगं एकाले सोडलं, त त्यानं वापस येऊन गाव जाळलं. जल्मभर चोर धरले मी, आन् सुटलेले बी पाह्यले. इथं त निकाल लावू द्या!"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. सोडलेल्या बुटक्याने खरेच गाव जाळले होते, आणि ते त्याच्याकडून मीच जाळून घेतले होते. पण अश्वजितला दम निघाला नाही. तो म्हणाला, "हात बांधलेल्याले मारता काका? वर्दीत होते तवाबी असंच करत होते का?"

इंद्रभानांनी अर्धा चहा तसाच ठेवला, टोपी उचलली आणि गेले. तेव्हापासून बाजाराला जाताना ते आमची गल्ली टाळतात.

माझे मत लिहून ठेवते. दवाखान्यात हातकडी घातलेले रोगी येत. पलंगाला अडकवलेल्या माणसाची जखम धुताना याने काय केले असेल, असे मी कधी विचारले नाही. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याच्यावर हात उचलायचा नाही, मग तो बाटलीचे बूच का असेना. बूच मरत नाही हे मलाही कळते, पण मारायचे ठरवणारा माणूस तर खराच असतो. आणि अश्वजितनेही तेच केले. मित्राच्या घरात, मित्राच्या बायकोसमोर इंद्रभान त्याला उलट काय बोलणार होते? त्यांचेही हात बांधलेलेच होते.

सबब हे सहाही कैदी मी इंद्रभान यांच्या नावे करते. मारावे की सोडावे, त्यांनी ठरवावे. हे दोघे पुन्हा एका टेबलाशी बसलेले मला डोळ्यांनी पाहायचे आहेत. तेवढे झाले की ऑपरेशनला मी हसत जाईन.

६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा व्हावा. जेवणावळ नको. माझ्याबद्दल चांगले बोलायचे असेल तर आताच येऊन बोलावे, मी घरीच असते.

पुरवणी, आजच्याच तारखेची. सहीला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम इंद्रभानांना बोलावले. आढेवेढे घेत आले. मी त्यांच्या हातात हा कागद दिला आणि त्यांनी तो पूर्ण वाचला. पुष्पांजलीने फोनवर वकीलबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की साक्षीदाराला त्याच कागदात वस्तू देऊ नका, उद्या वाद निघेल. पुष्पांजलीने लगेच कलम तीन आणि चारमधला आपला वाटा सोडला, तो आता अश्वजितचा. उरले इंद्रभान: एक तर त्यांनी सही करावी, नाही तर कैदी घ्यावेत.

त्यांनी बांधलेली बुचे जवळ ओढली. मग म्हणाले, "मले काही देऊ नका. आन् त्याईले बी कोनाच्या नावावर ठेवू नका."

मी कात्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. चष्मा लावून नखांनी गाठ सोडवली. गाठ दवाखान्यातल्या हाताची, लवकर सुटेना. सहाही बुचे त्यांनी नकाशाच्या कडेपर्यंत नेली आणि म्होरक्याला दम भरला, "जा बे घरी. पन वापस आले त दारात मी बसेल राहीन."

अश्वजित चहा घेऊन उभा होता. म्हणाला, "काका, त्या दिवशी मी तसं बोलाले नाही पाह्यजे होतं." इंद्रभानांनी त्याच्याकडे न पाहता विचारले, "साखर टाकली का?" आणि शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवून दिली. अश्वजित बसला. मला रडू आले, ते मी लपवले नाही.

सबब कलम पाच रद्द. ते सहा जण आता कोणाच्याच मालकीचे नसल्याने त्यांची व्यवस्था लावण्याचा मला अधिकार उरलेला नाही.

ठिकाण: मेहकर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार: सुवर्णा किसनराव अवसरमोल (सही)

साक्षीदार:

१. पुष्पांजली हर्षल लहाने (सही)

२. इंद्रभान राम गारोळे, निवृत्त हवालदार (सही). स्वहस्ते लिहून देतो की, सदर बाई पूर्ण शुद्धीवर असून त्यांनी माझ्यासमक्ष सही केली. तसेच सहा कैदी माझ्यासमक्ष मोकळे झाले. पैकी कोणाच्याही अंगावर जखम नव्हती. ते आपापल्या घरी गेले, हे मी स्वतः पाहिले आहे. चहा पूर्ण घेतला.