खडूने लिहिलेलं ‘ठेवा’

अण्णा, तुम्ही होतात तेव्हा मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींची माहितीपुस्तकं लिहीत होते. मराठीत एम. ए. केलेल्या मुलीला एवढीच नोकरी मिळाली याचं तुम्हाला वाईट वाटायचं, आणि तरी आकुर्डी स्टेशनवर भेटेल त्याला तुम्ही सांगायचात की आमची बाई कॉम्प्युटरमध्ये आहे. आता मी चाकणच्या एका कंपनीत एंटरप्राइझ आर्किटेक्ट आहे. चिखलीतल्या आपल्या शेजारीण काकूंनी हे ऐकून विचारलं, कुठली बिल्डिंग बांधलीस. बिल्डिंग नाही. कंपनीचे तीन कारखाने, त्यांची खरेदी, स्टोअर, तपासणी, डिस्पॅच. कोणती माहिती कुठून निघते, कुणाकडे जाते, कुठे साठते, याचा नकाशा काढायचा आणि तो पाहून नवी प्रणाली उभी करायची. हा नकाशा कुणी मनाने काढत नाही. त्यासाठी तयार चौकटी असतात आणि आधी त्यांतली एक निवडावी लागते.

मी दोन शिकले होते. एक पायऱ्यांची: आज काय आहे, उद्या काय हवं, मधलं अंतर कसं कापायचं, आणि प्रत्येक पायरीवर काम करणाऱ्या माणसांकडे परत जायचं. दुसरी कोष्टकाची: वरच्या ओळीत प्रश्न, काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का, डाव्या रकान्यात बघणारी माणसं, मालकापासून प्रणाली बांधणाऱ्यापर्यंत, आणि मधलं प्रत्येक घर भरायचं. मी कोष्टक निवडलं. मीटिंगमध्ये कारणं दिली ती वेगळी. खरं कारण असं की ते मला विभक्तीच्या तक्त्यासारखं दिसलं आणि आवडलं. तीन महिने मी घरं भरत होते. प्लँट मॅनेजर येता-जाता विचारायचे, ‘मॅडम, शब्दकोडं सुटलं का?’ मी हसायचे. रिकामं घर मला स्वस्थ बसू देत नाही हे मला माहीत होतं. जे कुठल्याच घरात बसत नाही ते मी पाहूनही पाहत नाही, हे माहीत नव्हतं.

तुमच्या कंपनीतला कुटुंबांना बोलावलेला तो दिवस. मी सातवीत आहे. आईने इस्त्री केलेला तुमचा खाकी शर्ट, खिशाला खडूची पांढरी कड. तुम्ही आम्हाला तुमच्या तपासणी विभागात नेता. लोखंडी टेबलं, मापं घ्यायची गेज, तेलाचा वास. एका क्रेटवर तुमच्या हस्ताक्षरात खडूने मोठं लिहिलंय, ‘ठेवा’. शाळेत नुकतंच कर्ता, कर्म शिकवलेलं. मी सगळ्यांसमोर म्हणते, ‘अण्णा, हे वाक्य अपुरं आहे. काय ठेवा? कुठं ठेवा?’ तुमचे सोबती हसतात. एक जण म्हणतो, ‘घ्या राव, तुमचं पण इन्स्पेक्शन झालं.’ तुम्ही हसत नाही. क्रेटवरचा हात न काढता म्हणता, ‘वाचता सगळ्यांना येतं. लिहिणारा शेजारी उभा आहे. त्याला विचार.’ मला राग येतो. मी मान हलवते आणि विचारत नाही. पुढे समोसे आणि सरबत होतं, तिकडे गेले.

चाकणला पहिल्याच दिवशी मी कारखाना फिरायला गेले तेव्हा तपासणी विभागात एका क्रेटवर तोच शब्द दिसला. खडूने, मोठ्या अक्षरात. शेजारी तिथले इन्स्पेक्टर उभे होते, चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. मी शब्दाकडे पाहून हसले, तेही हसले, आणि मी पुढे गेले. कोष्टकात मालाच्या स्थितीच्या घरात मी तीन शब्द लिहिले: मंजूर, नामंजूर, दुरुस्ती. आणि एक नियम, की शिफ्ट संपेपर्यंत ज्याची स्थिती भरली नाही ते मंजूर धरावं. म्हणजे काहीच अधांतरी राहणार नाही. हा नियम मला फार नेटका वाटला होता.

नवी प्रणाली सुरू झाली त्या आठवड्यात इन्स्पेक्टरांनी एका क्रेटची स्थिती स्क्रीनवर भरली नाही, कारण त्यांना हवा तो शब्द तिथे नव्हता. त्यांनी क्रेटवर खडूने ‘ठेवा’ लिहिलं आणि घरी गेले. शिफ्ट संपली, स्क्रीनवर क्रेट मंजूर झाला. डिस्पॅचचा लोडर बिहारचा, वर्षभरात कामापुरतं मराठी शिकलेला. त्याचं मराठी गाडीशी जोडलेलं: हे गाडीत ठेवा, ते गाडीत ठेवा. नंतर त्याला विचारलं तेव्हा तो सरळपणे म्हणाला, ‘लिखा था ठेवा, तो रख दिया.’ माल ग्राहकाच्या कारखान्यात पोचला, तिथे बसेना, त्यांची लाइन अर्धी शिफ्ट बंद पडली.

मीटिंगमध्ये लोडरचं वाक्य ऐकून दोघे-तिघे हसले. मग मॅनेजरांनी विचारलं की क्रेटवर खडूने लिहायची परवानगी कुणाची, आणि ही पद्धत आहे हे नकाशा काढताना कुणाला माहीत होतं का. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, ‘त्याची नोंद केली गेली नव्हती.’ वाक्य खोटं नव्हतं. त्यात कर्ता नव्हता, एवढंच. इन्स्पेक्टर दाराशी बसले होते. त्यांना कारणे दाखवा नोटीस द्यायची असं ठरलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीचा शेवटचा कागद तो ठरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणी विभागात गेले आणि त्यांना विचारलं की ठेवा म्हणजे नक्की काय. त्यांनी हातातला जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला सुटा भाग, माझ्या तळहातावर ठेवला. तो कोमट होता. ‘ग्राइंडिंगवरनं आला की गरम असतोय,’ ते म्हणाले. ‘आत्ता मापात बसतोय, सकाळी गार झाला की बारीक भरतोय. समदेच न्हाई, काठावरचे. त्याला पास बी म्हनायचं न्हाई, फेल बी न्हाई. ठेवा. उद्या परत मोजायचा.’ मी म्हणाले, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं. ते जॉब परत घेत म्हणाले, ‘तुमी पाहिलं व्हतं की बाई. हसला बी व्हता. मला वाटलं, बाईंना कळतंय.’ त्यात टोमणा नव्हता.

त्याच सकाळी मी मॅनेजरांना मेल लिहिला. मी पहिल्या दिवशी तो शब्द पाहिला होता, मी विचारलं नाही, मी तो वगळला, आणि आपोआप मंजूर करायचा नियम माझा होता. सगळ्या वाक्यांत कर्ता होता. नोटीस निघाली नाही. माझ्या वार्षिक मूल्यमापनात या चुकीची एक ओळ आली, ती योग्य आहे. कोष्टक मी टाकून दिलेलं नाही. पण आता आधी पायऱ्यांनी जाते, प्रत्येक खात्यात उभी राहते, विचारते, आणि मग कोष्टकातली लागतील तेवढीच घरं घेते. काही रिकामी सोडते. स्क्रीनवर चौथी स्थिती आहे, तिच्यात इन्स्पेक्टरांचंच वाक्य लिहिलंय: उद्या परत मोजायचा.

एक सांगायचं राहिलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी तुमच्यावर लेख लिहिला होता. त्यात लिहिलं होतं की ठेवा म्हणजे जपून ठेवायची संपत्ती, बापाने लोखंडावर लिहिलेली, आणि हा अर्थ तुम्हीच मला सांगितलात. तुम्ही सांगितलेला नव्हता. मी विचारलंच नव्हतं. लेखाचं कौतुक झालं. तुम्ही ओळीखाली बोट धरून तो पूर्ण वाचलात आणि कोपऱ्यात पेन्सिलने एक शब्द लिहून अंक मला परत दिलात. ‘ठेवा.’ इतकी वर्षं मी ते पान लोकांना दाखवत आले, वडिलांची शाबासकी म्हणून.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. उद्या सकाळी परत वाचेन.