शेवटची दोनशे पावलं

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हातानं लिहिते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. धाकट्या जावेला तो पुरणार नाही, पण तिला माझं डोकं कधीच ठिकाणावर वाटलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाच्या भरात केलं होतं.

१. दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावे, सारख्या हक्कानं. आधीच्या कागदात सुनेचं नाव नव्हतं. आता का आहे, ते कलम पाचमध्ये येईल.

२. लोखंडी शिकंजा, कातरयंत्र, आऱ्या आणि कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी मुलाला. शिकंज्याला महिन्यातून एकदा तेल द्यावं. खळ रोज ताजी शिजवावी. शिळ्या खळीचं पुस्तक वर्षभरात झुरळांच्या पोटात जातं आणि नाव आपलं खराब होतं.

३. बँकेतली शिल्लक नातीला. सोन्याच्या दोन बांगड्या धाकट्या जावेला. चाळीस वर्षं तिचा त्यांच्यावर डोळा आहे. घाल म्हणावं एकदाच्या.

४. कपाटात निळ्या पाकिटात पिरॅमिडचं एक छापील चित्र आहे. ते चोरीचं आहे. मी नऊ वर्षांची असताना एका मास्तरांचं भूगोलाचं पुस्तक वडिलांकडे बांधायला आलं होतं. त्यातलं हे सुटं पान मी फ्रॉकमध्ये लपवलं. मास्तरांनी दुकानात येऊन वडिलांना नाही नाही ते सुनावलं. वडील मान खाली घालून उभे राहिले आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याच दिवशी ठरवलं, एवढं पाप केलंच आहे, तर त्या दगडाला एकदा हात लावल्याशिवाय मरायचं नाही. मास्तर आता हयात नाहीत. चित्र त्यांच्या शाळेच्या वाचनालयात द्यावं आणि चोर वडील नव्हते, मी होते, असं त्याच्या पाठीवर लिहावं.

५. नऊ वर्षांपूर्वी मुलानं पिरॅमिडच्या सहलीची दोन तिकिटं काढली आणि निघायच्या आठवड्यात पाय मोडून घेतला. त्याच्या जागी सून आली. माझं नि तिचं तेव्हा विळ्या-भोपळ्याचं सख्य. विमानात आम्ही पाण्याच्या बाटलीपुरतं बोललो.

सहलवाल्यांनी तिथं चाळीस मिनिटं दिली होती. बसमधून उतरले, समोर पिरॅमिड, आणि मला रडूच फुटलं. निम्मं अंतर चालते न चालते तोच गुडघ्यांनी दगा दिला. वाळूत बसले ती उठताच येईना. अजून दोनशे पावलं तरी उरली होती.

"राहू दे," मी म्हटलं. "इथूनही दिसतंय की."

"बघायला आलात की हात लावायला?" सून म्हणाली. "चला, घाला हात गळ्यात."

"अगं, लोक हसतील!"

"हसू देत. आपल्याला इथं कोण ओळखतंय?"

तिनं मला पाठुंगळीला घेतलं. लोक हसले. एकानं फोटोही काढला. तिला धाप लागली, मान घामानं भिजली, दोनदा थांबली, पण मला खाली ठेवलं नाही. दगड उन्हानं तापला होता. मी त्याला दोन्ही हात लावले आणि वडिलांची माफी मागितली. तेव्हा तिनं मला मागून धरून ठेवलं होतं.

परतल्यावर जावेनं विचारलं, "ताई, एवढं चालवलं तरी का तुम्हाला?" माझ्या तोंडून गेलं, "न चालवायला काय झालं? उलट सूनच मागं पडत होती." सून शेजारीच उभी होती. ही बढाई मी नऊ वर्षं येईल त्याला तिखटमीठ लावून सांगितली आणि ती दर वेळी ऐकून आत जात राहिली. मला याची फार लाज वाटते.

तरी जाहीर करते की मी चालत गेले नाही. मला माझ्या सुनेनं उचलून नेलं. हे कलम माझ्या पश्चात जावेच्या देखत मोठ्यानं वाचावं.

सही करण्याआधीची दुरुस्ती: साक्षीदार म्हणून बोलावलेले समोरचे औषधवाले हे वाचून म्हणाले, "बाई, नऊ वर्षं तिनं ऐकून घेतलं. तुमच्यानं पाच मिनिटं सांगवत नाही? त्यासाठी मरायला कशाला हवं?" म्हणून कलम पाचचं शेवटचं वाक्य खोडलं आहे, खोडल्या जागी आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जावेला लगेच बोलावून घेतलं आणि सुनेसमोर सगळं सांगितलं. जाऊ सुनेला म्हणाली, "आणि तू गं? इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

सून म्हणाली, "चालत गेले म्हणून सांगताना आई किती खूश असायच्या. ते कुठं मोडू मी?"

मला पुढं लिहवत नाही. सही करते.

सही: बाईंडरबाई

साक्षीदार: १. समोरचे औषधवाले २. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: नऊ मार्च