तळ्यातले मोठे मासे

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, काम डोक्यावरून पाणी जाईल इतकं आहे आणि नव्या घराच्या खिडकीला अजून पडदा लागलेला नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. पत्र फाडायचं झालं तरी तू ते आधी वाचतोस, एवढी मी तुला ओळखते.

आधी चांगली बातमी. तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या कापड कारखान्याला सांडपाणी सोडायला बंदी झाली. परवा सुनावणीत आमच्या संशोधनाबद्दल माझी साक्ष होती. कापड पाण्यानं भिजू नये म्हणून ते जे रसायन लावतात, तेच तळ्यात, तेच माशांत आणि तेच आपल्या रक्तात, एवढं मी सरळ मांडलं. कारखान्याचा वकील गोड हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या अहवालामुळे तळ्यातली मासळी विकायला बंदी आली आणि तुमच्या सख्ख्या भावाचंच दुकान बसलं. खरं ना?"

"खरं," मी म्हटलं. "आणि तपासणीसाठी पहिलं रक्तही त्यानंच दिलं होतं. तो बाही वर करून बसला नसता, तर गावातलं दुसरं कुणी आलं नसतं."

त्यानं समोरचा पाण्याचा ग्लास सगळा संपवला.

मासळीवर बंदी आली तेव्हा तू मला दारातूनच परत पाठवलंस. "तळ्याला बदनाम केलंस, बारके. बाबा याच्यावर जगले, तू याच्यावर शिकलीस." त्या दिवशी मी बोलले नाही, कारण मागे वहिनी उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. आता बोलते. मासे खाऊच नका, असं मी कधीच म्हटलं नाही. मोठा मासा वर्षानुवर्षं लहान मासे खातो, त्यांच्यातलं रसायन त्याच्या अंगात साठत जातं. लहान माशांत ते इतकं कमी आहे की आठवड्यातून एकदा खायला हरकत नाही. ही तपासणी मी बाहेरच्या प्रयोगशाळेतूनही करून घेतली. बहिणीनं भावासाठी आकडे वाकवले, असं कुणाला म्हणता येऊ नये. लहान मासळी विकायची परवानगी आता येईल. गिऱ्हाईकं "नुसते काटे" म्हणून नाकं मुरडतील, पण तुझ्या जिभेपुढे कोण टिकलंय?

रक्तात गेलेलं निघायला वेळ लागतो, तरी ते उतरतं. काही लोकांना आम्ही रोज जेवणाबरोबर ओट्स दिले, तर त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त उतरलं. थोडंच हं, फुगवून सांगत नाही. वहिनीला कळवलं तर ती म्हणाली, "यांना ते गिळगिळीत वाढलं तर वाटी माझ्याच अंगावर येईल." दळून पिठात मिसळ, असं मीच तिला सुचवलं. तेव्हा हल्ली पोळी जाडसर लागत असेल तर तिला बोलू नकोस.

इथवर लिहिलं आणि चहा करायला उठले. चहा झाला, कप धुतला, धुतलेला ओटा परत पुसला. आता लिहायलाच हवं.

रक्त देताना तू मला बजावलं होतंस, "माझं काय निघेल ते मला सांगू नकोस." मी ते पाळलं. पण तातडीचं काही आढळलं तर त्या माणसाला सांगायचंच, हा आमचा नियम आहे आणि त्यासाठी सगळ्यांशी भांडले होते ती मीच. मागच्या आठवड्यात दुसऱ्या तपासणीला तू मी नसताना आलास आणि नर्सकडे नमुने देऊन गेलास. दादा, तुझ्या लघवीत रक्त आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकं. खडा असेल. मूत्रपिंडात गाठही असू शकते. गाठ निघाली तरी ती या रसायनामुळेच झाली, असं मी म्हणणार नाही. गावाबद्दल मी छातीठोक बोलते, एकट्या माणसाबद्दल तसं बोलता येत नाही. मात्र आत्ता पाहिलं तर इलाज सोपा असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

निकाल वाचला तेव्हा मीही घाबरले. मग आमच्या तपासणीतल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि माझी भीती गेली. तुझीही जाईल. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. तिच्यापासून लपवलंस तर मात्र मी तिच्या बाजूनं भांडेन.

मंगळवारी सकाळी सोनोग्राफी ठरवली आहे. मी गाडी घेऊन येते. उपाशीपोटी राहा. रागावलेलाच ये, वाटभर माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, हवं तर परतताना सगळ्या रस्त्यानं मला शिव्या घाल. पण येणार नाही, असं म्हणू नकोस. म्हणालास तरी मी तुला घेतल्याशिवाय निघणार नाही.

या एका बाबतीत तुझं काहीही न ऐकणारी,
बारकी