तू नाकारलेली करवत

तोसोर, १७ ऑक्टोबर

प्रिय तुरात,

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सव्वाअकरा. माझ्या अंगणात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालास, “ताई, तुझ्या गळ्यात भंगार मारलंय. चाक वाकडं आहे, पट्टा टिकतच नाही.” आणि मांडलेल्या पावाचा तुकडाही न मोडता गाडीत बसलास. आपल्याकडे हाडवैरीसुद्धा समोरचा पाव चाखून मगच पाठ फिरवतो. धाकटा भाऊ म्हणून तेवढं गिळलं. पण तू पुन्हा तीन तारांचं कोमुझ वाद्य कोरायला बसावंस म्हणून आणलेल्या वस्तूला भंगार म्हणालास, ते गिळणार नाही.

दोन चाकांवरून दातेरी पट्टा पळवणारी ती पट्टा-करवत मी काराकोल शहरातल्या एका बंद पडलेल्या सुतारखान्यातून उचलली. नावाची पट्टी कुणीतरी उपटलेली, वर निळ्या रंगाचे थर. विकणारा म्हणे, “जर्मन आहे, बाई.” मी मागचा रंग खरवडला, तर ओतीव लोखंडावर रशियन अक्षरं. म्हटलं, “हा जर्मन रशियन कुठं शिकला?” मग दोन्ही झाकणं उघडायला लावली. “सून बघायला आलात की यंत्र?” “सुनेला उघडून बघता येत नाही, याला येतं. उघड.” चाक हातानं फिरवून कान लावला, बेअरिंग कुरकुरलं नाही. धरून हलवलं, ढिलं नव्हतं. त्यावरचं रबर नखानं दाबलं, भेग नाही. कडेजवळ पेन्सिल धरून चाक फिरवलं. टोक आणि कड यांतली फट कुठंही कमीजास्त झाली नाही. शेवटी फळी कापून घेतली. पट्टा जागचा हलला नाही. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय मी. वाकडं चाक मला कळतं.

तू गेल्यावर झाकण पुन्हा उघडलं. खालच्या चाकाच्या रबरावर बोट फिरवलं, ते पिवळं होऊन आलं. लोणी! आईचं काम. घरात नवी गाडी आली की ती चाकाला लोणी लावून आशीर्वाद देते. बाबांच्या मोटारसायकलला लावलं, तुझ्या टॅक्सीला लावलं. टॅक्सीला काही होत नाही. करवतीचा पट्टा मात्र त्या रबराच्या पकडीवरच टिकतो, लोण्यावरून घसरणारच. साबणाच्या पाण्यानं पुसलं, कोरडं केलं, पट्टा चढवून ताण दिला. आता मधोमध धावतो. तू दोनदा चाक फिरवलंस, एकदाही बोट लावून पाहिलं नाहीस. जर्दाळूचा ओंडका डोळे मिटून चाचपून आतली गाठ सांगणारा माणूस तू!

तुला खोट काढायचीच होती, हे मला दिसलं रे. घोड्यावरून पडल्यापासून तुझा उजवा खांदा वर जात नाही. हातकरवतीनं ओंडका चिरता येत नाही, हे सांगण्याऐवजी “हल्ली कोमुझ वाजवतं कोण?” म्हणत तू टॅक्सी फिरवतोस. करवत कुणासाठी, हे मी तोंडानं बोलले नाही, तरी तुला कळलं आणि झोंबलं. झोंबू दे. ही दया नाही. तू कोरलेल्या लाकडावर तीन तारा चढल्या की जो आवाज निघतो, तो मला पुन्हा ऐकायचा आहे. माझा स्वार्थ म्हण हवं तर.

एवढं मी फोनवरही सुनावलं असतं. पत्र लिहिते आहे ते आईसाठी. माझ्या हातातलं पिवळं फडकं तिनं पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. तेव्हापासून लोण्याच्या डब्याला ती हात लावत नाही. “माझ्याच हातानं पोराचं काम मोडलं,” एवढंच म्हणते. मी समजावते, पण आता कानाशी ओरडूनही तिच्यापर्यंत पोचत नाही. मोठं अक्षर असलं की वाचते मात्र. म्हणून शनिवार, २५ ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत, तिच्या नावानं, तुझ्या हातचं लेखी उत्तर इथं पोचलं पाहिजे. करवत चांगली आहे असं लिही, आणि कामाला कधी येतोस ते लिही. खांदा दुखला तर डाव्या हातानं लिही. अक्षर कसंही आलं तरी ती ओळखेल.

तुझीच,
सायरागुलताई