ओमरू पोकळ निघाला

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.
आजपासून डायरी. पाल्हाळ नाही. मुद्द्याचं तेवढंच.
एक. नात शाळेतून आली की टीव्हीला तो गेम लावून बसते. सूनबाई काही बोलत नाही. म्हणजे मलाच लक्ष घालावं लागणार.
दोन. रविवारी सकाळी चिरंजीव जहाजावरून त्याच गेममध्ये येतात आणि बापलेक तासभर जंगलात हिंडतात. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. तीन वर्षं बोललो नाही, अजून तीस नाही बोललो तरी चालेल. माझं वय बघता तीस जरा जास्त होतात.
ठराव : गेम शिकायचा. दोन दिवस पुरेत. चाळीस वर्षं सॉ मिल चालवली आहे.

संध्याकाळी.
चिमणीला, म्हणजे नातीला, विचारलं काय आहे हे. म्हणाली, यात एक देव आहे, ओमरू. आधी जगात नुसता दगड होता. ओमरू येऊन त्यावर बसला. इतका गप्प बसला की अंगावर शेवाळ चढलं, शेवाळातून गवत आलं, गवतातून जंगल. मी विचारलं, पण त्याने केलं काय? म्हणाली, काहीच नाही, तेच तर!
असले तीन देव माझ्या मिलमध्ये कामाला होते. तिघांना घरी पाठवलं.

मंगळवार, ४ मार्च.
शिकायला सुरुवात. उजव्या हाताला तीनच बोटं, त्यामुळे तो रिमोट धरायला अवघड. चिमणी म्हणते रिमोट नाही, कंट्रोलर. रिमोटच आहे.
दोनदा नदीत पडलो. नदी चुकीच्या जागी आहे.
मग कुऱ्हाड सापडली. आता जमेल.

बुधवार, ५ मार्च. दुपारी ३.
चिमणी शाळेत. गेममधलं तिचंच माणूस घेऊन सगळं जंगल साफ केलं. चौसष्ट झाडं. ओंडके लांबीप्रमाणे लावून ठेवले. पोर खूश होईल.
मधोमध एक अवाढव्य जुनं झाड होतं. कुऱ्हाडीची मागची बाजू मारून पाहिली. डब्ब आवाज. आतून पोकळ! शेंड्याला पान नाही. असलं झाड वाऱ्यात कधी अंगावर येईल सांगता येत नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि रविवारी दोघं नेमकी त्याच्याच खाली बसतात. पाडलं. तास लागला.
पडल्यावर टीव्ही काळा झाला आणि ढोल वाजले. बहुधा शाबासकी.

संध्याकाळी ६.
शाबासकी नव्हती. ते झाड म्हणजेच ओमरू.
पोकळ असतोच म्हणे. बापाचं माणूस त्या ढोलीत झोपतं आणि रविवारी तिथूनच बाहेर येतं. आता झाड नाही तर यायला वाट नाही. चिमणी आधी रडली नाही. टीव्हीकडे बघत राहिली. मग विचारलं, आता बाबा कुठून येणार? आणि मग रडली.
वर हा शेवटचा रविवार. नंतर जहाज लांब जातंय, तीन महिने नेट नाही.
मी म्हटलं, फोन कर की. सूनबाई म्हणाली, फोनवर तो जेवलीस का, अभ्यास केलास का एवढंच विचारतो आणि ठेवतो, तिथे मोकळा बोलतो. पुढे म्हणाली, आप्पा, तुम्हाला या घरात उभं असलेलं काही बघवत नाही का?
 

गुरुवार, ६ मार्च.
उपाय आहे. बुंध्यावर चार तास बसायचं. काहीही दाबायचं नाही. एकदा जरी दाबलं तरी पहिल्यापासून. मग ओमरू परत उगवतो. चिमणी म्हणाली मी बसते, शाळा बुडवते. म्हटलं गप शाळेत जा. पाडलं मी, बसतो मी. बसायला काय अक्कल लागते?
पहिला प्रयत्न : वीस मिनिटं. ढिगातला एक ओंडका घरंगळला. सरळ केला.
दुसरा : पन्नास मिनिटं. ससा कोंब खात होता. हाकलला. चूक सशाची.
तिसरा : दीड तास. रिकामं बसलं की नको ते आठवतं. बोटं गेली त्या दिवशी चिरंजिवाने मला उचलून दवाखान्यात नेलं. शर्ट सगळा लाल. म्हणाला, आता मिल बंद करा. मी ओरडलो, तुझ्या बापाची आहे का? नंतर लक्षात आलं, होती. त्याच महिन्यात तो जहाजावर गेला.
मिल गेल्या वर्षी बंद केली. त्याला कळवलं नाही. त्याचा काय संबंध?
हे आठवता आठवता कुठलं तरी बटण दाबलं गेलं.

शुक्रवार, ७ मार्च.
तीन तास दहा मिनिटं झाली होती. रिमोटवर धूळ दिसली. पुसली.
चिमणी आली, टीव्ही पाहिला, दप्तर नीट खुंटीला लावलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

शनिवार, ८ मार्च.
जमलं! डोळे मिटून एकाग्र झालो. सूनबाईने हलवलं तेव्हा साडेचार तास होऊन गेले होते. बुंध्याला कोंब, संध्याकाळपर्यंत पूर्ण झाड, ढोलीसकट. चिमणी गळ्यात पडली. म्हणाली, आजोबा, तुम्ही घोरत होतात. घोरत नव्हतो. श्वास लांब घेत होतो.
उद्याचा ठराव : दोघांचं हिंडून झालं की रिमोट घ्यायचा आणि एकच वाक्य लिहायचं. मिल बंद केली. माफीबिफी नाही. माहिती द्यायची.

रविवार, ९ मार्च. सकाळी १०.
चिमणी आंघोळीला गेली आणि तो अर्धा तास आधीच आला. रिमोट माझ्या हातात. ढोलीतून उंच टोपीवाला बाहेर पडला. चालणं अगदी त्याचंच, एक खांदा पुढे.
टीव्हीवर अक्षरं उमटली. काय गं, लवकर उठलीस?
मी हो लिहिलं. एवढ्याला अर्धं मिनिट.
मग त्याने विचारलं, आजोबा कसे आहेत?
मी लिहायला घेतलं, मी आप्पा. एकेक अक्षर शोधायचं. मी हे अक्षर लिहून झालं. आ सापडेना. तेवढ्यात त्याने लिहिलं, अजून माझ्यावर रागावलेत का गं?
मी खोडलं. लिहिलं, झोपलेत.
 दोघं झाडाखाली उभे. मग त्याने लिहिलं, बरं. मी विचारलं म्हणून सांगू नकोस, उगाच त्रास होईल त्यांना.
लिहिलं, नाही सांगणार.
चिमणी ओल्या केसांनी धावत आली, रिमोट तिला दिला. मी खिडकीची कडी दुरुस्त करायला गेलो. कडी ठीक होती.

सोमवार, १० मार्च.
जहाज गेलं. सूनबाईने विचारलं, आप्पा, काल त्याच्याशी काही बोललात का? म्हटलं, मी कशाला बोलू? ती कपडे वाळत घालायला गेली.
सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय. मी शब्द मोडत नाही.
आज ठराव नाही.