आईची तीन मांजरं

६ जानेवारी, सोमवार

पाटील परत आला! गुरुवारी दादाने त्याला निमगाव केतकीच्या बाजारामागे सोडला होता. गाडीवर मागे पोतं धरून मीच बसलो होतो. आज सकाळी बघतो तर उंबऱ्यावर आडवा. घरातले सगळे त्याला ओलांडून जातात, तो कुणासाठी उठत नाही. मागच्या पायाला जखम आहे. तरी ताटलीत दिल्याशिवाय भाकरीला तोंड लावलं नाही. जमिनीवरचं तो खात नाही.

दादा माझ्यावरच खेकसला. "पोतं फिरीवलं हुतंस का? तीनदा गरागरा फिरवायचं आसतं, म्हंजी वाट घावत न्हाय."

नव्हतं फिरवलं. मुद्दामच.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. म्हणून आमच्याकडे कुणी मारत नाही, लांब नेऊन सोडतात. पाप नको आणि मांजरही नको!

८ जानेवारी, बुधवार

मनिषावहिनीला आठवा महिना. तिची आई सिंधुबाई सांगून गेली — लहान बाळाच्या घरात मांजर नको. तिन्ही घालवा.

तिन्ही आईची. आई जाऊन दोन वर्षं झाली. बायजा चोर आहे, पण चोरी करते ती माझ्याकडे बघत बघत. हाकललं तर एकच पाऊल मागे सरते आणि थांबते. धीर माझाच आधी सुटतो.

शेवंती पांढरी, डाव्या कानावर पिवळा ठिपका. तिला आवाजच नाही. भूक लागली की पायावर पंजा ठेवते आणि तोंड उघडते. दात दिसतात, आवाज येत नाही. पिल्लू होती तेव्हापासून अशीच. हे आईला माहीत होतं, आता फक्त मला. बाकी कुणी तिच्याकडे बघतच नाही, तर कळणार कसं?

११ जानेवारी, शनिवार

पाटील आणि बायजा एकाच पोत्यात. उजनीच्या पाण्याकडे, मासेवाल्यांच्या झोपड्यांजवळ. पोतं या वेळी दादाने स्वतः फिरवलं. तीनदा नाही, सात वेळा. मी मोजलं.

घरी एका ताटलीवरून रक्त काढायची दोघं. पोत्यात भांडली नाहीत.

"मासं खात्याल मजेत," दादा म्हणाला. येताना वाटेत त्याने वडापाव घेतला. मी खाल्ला. खाल्ला मी!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. उंबरा रिकामा. वहिनी तरी सवयीने पाय उंच उचलून ओलांडून गेली.

१९ जानेवारी, रविवार

दादाने लोणी देवकरला एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलाय. खोलीसुद्धा बघितली. बारावी नापास झाल्यापासून दोन कामं धरली, दोन्हीदा आठवड्याच्या आत घरी आलो. छातीत धडधडतं, झोप येत नाही. दादाला ते नाटक वाटतं.

"तू बी पाटलासारखाच, सुयोग्या. कुठं बी सोडा, फिरून उंबऱ्यावर!" वहिनी हसली. मग पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, जातो. परत येणार नाही. पण शेवंती राहिली पाहिजे.

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. घरात नगं, गोठ्यात ऱ्हाईल."

"आईची शपथ घे," मी म्हणालो. दादाने घेतली.

२२ जानेवारी, बुधवार

गोठ्याच्या दाराला कागद चिकटवला. सकाळी अर्धी वाटी दूध, कोमट. भाकरी कुस्करून. कुत्रं बांधल्यावरच बाहेर सोडणे. दोनदा खाडाखोड झाली म्हणून तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिला.

आवाजाचं लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का? पण ते आईचं आणि माझं.

२३ जानेवारी, गुरुवार

दादाने गाडीवरून आणून सोडलं. बॅग मांडीवर घट्ट धरून बसलो होतो, पोतं धरायचो तसा. निघताना शेवंती गव्हाणीत झोपली होती. उठवली नाही.

२६ जानेवारी, रविवार

खोलीत पाच जण. काम खोकी बांधायचं. मी कुलूप तीनदा ओढून बघतो, त्यावर अजित म्हणतो, "आरं, कुलूप वैतागलं आता!" सगळे हसतात. हसू देत. दोनदा एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन माघारी आलो. शेवंतीसाठी.

१ फेब्रुवारी, शनिवार

दहावा दिवस. इतके दिवस मी कुठेच टिकलो नव्हतो. संध्याकाळी दादाला फोन केला. शेवंती कशी आहे?

"हाय की! हितंच गोठ्यात हाय. सकाळधरनं म्यांव म्यांव लावलीया नुसती, तुझ्या नावानं. पार डोकं उठीवलं बघ."

बरं, म्हणालो.